नागपुरातली घरगुती वाइन रूम: काम देखणं, गारवा अर्धवट

रामदासपेठेतल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सहा बाय पाच फुटांच्या अडगळीच्या खोलीची वाइन रूम केली आहे. काम एका इंटिरियर ठेकेदाराचं, सगळं एकत्र ठरवून दिलेलं. लाकूडकामाला पाचपैकी साडेचार, बाकीच्याला दोन.

फडताळं आलापल्लीच्या सागवानाची, पॉलिश न मारता नुसती घासून बसवलेली. हे अगदी बरोबर केलंय. बंद खोलीत पॉलिशचा वास हटत नाही आणि दमटपणात एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) फुगतो. खण 90 मिमीचे, त्यामुळे स्पार्कलिंगच्या जाड बाटल्याही शिरतात. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे दीडशे बाटल्यांचा भार दोनशे किलोच्या घरात. तो ओळखून फडताळं भिंतीला अँकर बोल्टने धरली आहेत.

गडबड आहे ती यंत्रात. भिंतीत बसवायचं कूलिंग युनिट चांगलं आहे, 13 अंशांवर लावलंय. पण त्याची गरम हवा वरून शेडने झाकलेल्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत सोडली आहे. जानेवारीत हे चालून जातं. नवतप्यात बाहेर पारा 45 वर असताना ती हवा डक्टमध्येच घुटमळते, कंडेन्सर (युनिटचा उष्णता बाहेर टाकणारा भाग) तीच परत ओढतो आणि कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर बंद पडतो. डक्टच्या वरच्या तोंडाला एक्झॉस्ट पंखा आणि खाली तेवढीच हवा आत येईल अशी जाळी, एवढं तरी हवंच. 'साधा स्प्लिट एसी सेटिंग करून लावू' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. तो 16 च्या खाली उतरत नाही, सेन्सर फसवून उतरवला तर कॉइलवर बर्फ धरतो आणि हवा कोरडी करून कॉर्क आकसवतो. आर्द्रता 60 ते 70 टक्के हवी.

दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त महागात जाते. भिंतींना 50 मिमी आणि स्लॅबला 75 मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमची) शीट आहे, जाडी ठीक. पण बाष्प अडवणारं 150 मायक्रॉनचं प्लास्टिक शीटच्या आतल्या, गार बाजूला लावलंय. ते भिंत आणि शीट यांच्या मध्ये, गरम बाजूला पाहिजे. श्रावणातली दमट हवा शीटच्या सांध्यांतून शिरते आणि गार प्लास्टिकमागे पाणी होऊन साचते. स्कर्टिंगमागची काळी बुरशी त्याचीच. ठेकेदार त्यावर औषध फवारून गेला. ती नुसती मलमपट्टी, शीट उखडल्याशिवाय सुटका नाही. स्विचबोर्डकडे जाणारे वायरींचे पाइपही फोमने बुजवलेले नाहीत.

दार एकेरी काचेचं. ऑगस्टमध्ये दवबिंदू 24 अंशांच्या आसपास असतो, काच त्याहून गार, मग ती घामेजणारच. मध्ये 12 मिमी पोकळी असलेली डबल काच, चारी बाजूंनी गॅस्केट (रबरी पट्टी) आणि खाली ड्रॉप सील (दार लागलं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी) मागून घ्या. कागदाची पट्टी दारात धरून ओढा. अलगद निघून आली तर सील बसलेलं नाही.

काम ताब्यात घेताना युनिटवरच्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याने भरलेल्या बाटलीत थर्मामीटरचा प्रोब बुडवून वरच्या आणि खालच्या खणात एकेक दिवस ठेवा. शेवटचा हप्ता मे उलटल्यावर, हे करारातच लिहून घ्यावं.

पन्नासच्या आत बाटल्या असतील तर या भानगडीत पडूच नका. कॉम्प्रेसरचं वाइन कॅबिनेट घ्या, क्लायमेट क्लास 'टी' (उष्ण हवामानासाठीचा वर्ग) बघून. तो वर्गही बाहेरच्या 43 अंशांपर्यंतच चालतो, म्हणून कॅबिनेट बाल्कनीत नको, एसीच्या खोलीत ठेवा. थर्मोइलेक्ट्रिक (कॉम्प्रेसर नसलेला) कूलर बाहेरच्यापेक्षा जेमतेम 15-20 अंश खाली जातो, आपल्या उन्हाळ्यात तो कामाचा नाही. नाशिकच्या बऱ्याच व्हाइट तर स्क्रू कॅपच्या, वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या. त्यांच्यासाठी खोली कशाला बांधायची? परवाना आणि साठ्याची मर्यादा मात्र उत्पादन शुल्क कार्यालयात आधीच विचारून ठेवा. आणि शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, तिकडे जाताना गाडीत बाटली नको.