महिन्याची यादी लक्षात ठेवणारी किराण्याची वेबसाइट

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या किराणा दुकानाने घरपोच सेवेसाठी वेबसाइट काढली आहे. माल निवडक आणि भाव दुकानातलेच. या परीक्षणात मुख्यतः एकच गोष्ट पाहिली आहे: साइट गिऱ्हाईक ओळखते का, आणि त्या ओळखीमुळे ते पुन्हा येतं का. खालच्या त्रुटींवर काम चालू असल्याने दुकानाचं नाव दिलेलं नाही.

सुरुवातीलाच पिनकोड विचारतात, ते योग्य. 411030 एकदा टाकला की पुढच्या वेळी प्रश्न नाही. कोथरूडच्या 411038 ला जो माल पोचत नाही तो तिथल्या गिऱ्हाइकाला दिसतच नाही. सगळं सामान भरून झाल्यावर शेवटच्या पायरीवर ‘आपल्या भागात सेवा नाही’ असं वाचलेला माणूस सहसा परत येत नाही. इथे ती वेळच येत नाही.

‘मागची यादी’ ही या साइटची खरी ताकद. उघडताच तूरडाळ 2 किलो, इंद्रायणी 5 किलो, शेंगदाणे 1 किलो, गूळ अर्धा किलो अशी मागच्या महिन्याची मापं तयार असतात. भाव बदलला असेल तर जुना आणि नवा शेजारी-शेजारी दिसतात. एखादी वस्तू संपली असेल तर तिची ओळ गायब होत नाही, फिकट होते आणि खाली पर्याय येतो. त्यामुळे काय राहिलं ते पुन्हा आठवत बसावं लागत नाही. इतका नीट विचार मोठ्या साइटवरही क्वचितच दिसतो.

‘खास तुमच्यासाठी’ ही पट्टी मात्र कच्ची आहे. घरी सत्यनारायण असला की सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर आणि तूप एकदाच जातं. साइट ती आवड समजते आणि पुढे कित्येक आठवडे रवाच पुढे करते. ‘हे घेणारे तेही घेतात’ ही पद्धत ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी 2003 साली मांडली, पण ती चालायला ऑर्डरींचा प्रचंड साठा लागतो. एका दुकानाच्या ऑर्डरींतून निघणारे संबंध बरेचदा योगायोगाचे असतात. इथे साधा नियम पुरेल: शेवटच्या तीन याद्यांपैकी किमान दोनांत असलेली वस्तूच सुचवायची, सणाचा माल पंचांगाला बांधायचा आणि सहा महिन्यांपूर्वीच्या खरेदीचं महत्त्व निम्मं धरायचं. संकष्टीच्या दोन दिवस आधी साबुदाणा आणि वरई, तीही उपासाचं सामान नेहमी घेणाऱ्यांनाच, हे दुकानाने आजच छान जमवलं आहे. तोच न्याय चकलीच्या भाजणीला लावावा, म्हणजे ती दिवाळीनंतर आपोआप मागे जाईल.

आता तांत्रिक बाजू. आयफोनवर लॉगिन न करता आलेल्यांची यादी पुसली जाते, आणि इथेच सगळ्यात जास्त गिऱ्हाईक गळतं. कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी नोंद. ती पानातल्या जावास्क्रिप्ट कोडने ठेवलेली असेल, तर आयफोनचा ब्राउझर सफारी तिला जास्तीत जास्त 7 दिवस टिकू देतो. 2020 पासून तिथलं लोकल स्टोरेजही (ब्राउझरमधली साठवणीची दुसरी जागा) वापर नसेल तर तसंच पुसलं जातं. किराणा महिन्यातून एकदा भरणाऱ्याची ओळख मग राहणार कशी? उपाय अवघड नाही. ओळखीची कुकी दुकानाच्या स्वतःच्या सर्व्हरने पानाच्या उत्तरासोबत पाठवावी आणि पहिली ऑर्डर होताच ती मोबाइल नंबराशी जोडावी. क्रोमही कुकीला 400 दिवसांपलीकडे मुदत देत नाही, म्हणून दर भेटीला ती नव्याने पाठवायची.

दुसरी चूक जास्त गंभीर. काही वेळा दुसऱ्याच माणसाचं नाव पानावर झळकतं, कारण वैयक्तिक पान कॅशमध्ये, म्हणजे पटकन देता यावं म्हणून साठवलेल्या प्रतींत, जाऊन पुढच्याला मिळतं. पानाचा सांगाडा खुशाल कॅशमधून द्यावा. नाव आणि यादी वेगळ्या विनंतीने आणून त्या उत्तराला ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’ हे हेडर, म्हणजे ‘साठवू नका’ ही सूचना, लावावं. यादी उशिरा येते म्हणून तिच्या जागेची उंची आधीच राखून ठेवायची, नाहीतर पान उडी मारतं आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

मागची खरेदी पुसण्याचं बटण खात्यात आहे, पण चार पडदे आत. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. ते यादीच्या पानावरच आणावं.

परिणाम मोजण्याची दुकानाची रीतही बदलायला हवी. सध्या ‘मागची यादी’ वापरणारे आणि न वापरणारे यांची तुलना होते. पण यादी वापरतात तेच मुळात नेहमीचे गिऱ्हाईक, म्हणून आकडा फुगतो. दर दहातल्या एकाला मुद्दाम साधं पान दाखवावं, तो गट बदलू नये आणि 35 दिवसांत कोण परतलं ते पाहावं. सात दिवसांच्या आकड्यात महिन्याचं गिऱ्हाईक दिसणारच नाही. साइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्स 4 मध्ये डेटा राखण्याची मुदत मुळात 2 महिने असते. ती सेटिंगमध्ये 14 महिने करावी, म्हणजे या दिवाळीची मागच्या दिवाळीशी तुलना करता येईल.