फायनल फँटसी: १९८७ ची की २०२१ ची?

फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या गेम-यंत्रावरचा पहिला ‘फायनल फँटसी’ हा व्हिडिओ गेम, म्हणजे १९८७ ची मूळ आवृत्ती, चुकांनी भरलेली आहे. जादूगाराची बुद्धिमत्ता वाढते, पण कोडमधल्या गफलतीमुळे त्याच्या मंत्रांचा जोर तेवढाच राहतो. ताकद वाढवणारा ‘टेम्पर’ मंत्र तर कामच करत नाही. औषधं एकेक करून विकत घ्यायची. आपल्या चार योद्ध्यांना एकाच राक्षसावर सोडलं आणि तो पहिल्याच घावात मेला, तर उरलेल्या तिघांचे वार हवेत! २०२१ च्या ‘पिक्सेल रीमास्टर’ या नव्याने घडवलेल्या आवृत्तीत वार आपोआप पुढच्या शत्रूकडे वळतो, बुद्धिमत्ताही कामाला येते. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी हीच आवृत्ती सुचवेन.

माझा जीव मात्र जुनीवरच आहे. तिथे प्रत्येक फेरीआधी हिशोब करावा लागतो: हा गॉब्लिन दोन घावांत जाईल की तीन? त्या अंदाजातच खरी लढाई आहे, आणि नव्या आवृत्तीत नेमकी तीच हरवली. गारलँड या पहिल्या मोठ्या शत्रूला हरवल्यावर राजा पूल बांधून देतो. तो ओलांडताना संगीतकार नोबुओ उएमात्सूंची धून सुरू होते, प्रस्तावना आत्ता कुठे पडद्यावर येते. हा प्रसंग दोन्हींत आहे. पण जुन्या यंत्राच्या मोजक्या आवाजांतून निघालेली ती धून मला नव्या वाद्यमेळापेक्षा कितीतरी जवळची वाटते.