घरपोच गीर दुधाची सेवा: गोठा पाहण्यासारखा, गोऱ्ह्यांचा हिशेब मात्र नाही

पुण्याच्या आसपासच्या एका गोठ्यातून गीर गायीचे दूध काचेच्या बाटलीत घरपोच देणारी सेवा आमच्याकडे काही महिन्यांपासून सुरू आहे. लिटरला शंभराहून अधिक रुपये पडतात आणि त्या बदल्यात ‘आनंदी गायींचे दूध’ मिळते, असे जाहिरात सांगते. मला जे खटकले ते एकाच गोठ्यापुरते नसल्यामुळे नाव देत नाही.

दुधाबद्दल तक्रार नाही. साय दाट येते, दही घट्ट लागते आणि बाटली सकाळी वेळेवर दारात असते. बाटलीवर ठळक छापलेल्या ‘एटू’चा मात्र गायीच्या सुखाशी काही संबंध नाही. तो दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचा एक प्रकार आहे आणि तो म्हशीच्या दुधातही असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे वेष्टनावरून काढण्यास सांगितले होते, परंतु काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला.

ग्राहकांना गोठा पाहू देतात, ही या सेवेची खरी जमेची बाजू. गोठा मुक्त संचार पद्धतीचा आहे; गायी दाव्याला बांधलेल्या नाहीत, पाणी चोवीस तास असते आणि उन्हाच्या वेळी सावलीत बसायला जागा आहे. देशी गाय वासरू जवळ नसेल तर सहज पान्हा सोडत नाही, आणि याच अडचणीवर अनेक ठिकाणी पान्हा सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनचा गैरवापर होतो. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक पदार्थ टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. येथे धारेआधी वासराला आचळाला लावतात आणि नंतर आईच्या समोरच ठेवतात, हे आम्ही स्वतः पाहिले.

वासरांच्या कप्प्यात मात्र जवळजवळ सगळ्या कालवडीच, म्हणजे मादी वासरेच, होत्या. गोऱ्हे, म्हणजे नर वासरे, कुठे आहेत, असे विचारल्यावर ‘शेतकऱ्यांना देतो’ एवढेच उत्तर मिळाले. कोणत्या शेतकऱ्यांना आणि पुढे त्यांचे काय होते, याची नोंद दाखवता आली नाही. नांगरट ट्रॅक्टरकडे गेल्यापासून बैलाची गरज घटली आहे आणि २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे गोऱ्ह्याला ना काम उरले, ना बाजारभाव; त्याच्या वैरणीचा खर्च उचलायला कोणी तयार नसते आणि दूध न पाजता उपाशी ठेवणे किंवा रस्त्यावर सोडून देणे हे मार्ग निवडले जातात. लिंगविनिश्चित वीर्यमात्रा (मादी वासरेच जन्मावीत म्हणून वेगळे केलेले वीर्य) वापरतो, असे व्यवस्थापकांनी सांगितले. त्यातून सुमारे नव्वद टक्के कालवडी होतात, म्हणजे प्रश्न लहान होतो, मिटत नाही. भाकड गायींबाबतही ‘गोशाळेत पाठवतो’ याच्या पुढे माहिती मिळाली नाही. त्या गोशाळेला कंपनी वैरणीसाठी काही देते का, यावर तर विषयच बदलला गेला.

एवढा दर घेणाऱ्या सेवेने लिटरमागे दोन रुपये गोऱ्ह्यांच्या आणि भाकड गायींच्या सांभाळासाठी बाजूला काढून त्याचा हिशेब ग्राहकांना द्यावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. दुधाला पाचपैकी साडेचार, गोठ्याला चार आणि पारदर्शकतेला दीड गुण. आम्ही रोजचे दूध निम्म्यावर आणले आहे आणि कंपनीला गोऱ्ह्यांची नोंद लेखी मागितली आहे; नवीन ग्राहकांनी आगाऊ पैसे भरण्यापूर्वी तीच मागणी करावी.