सुबाभूळ विरळल्यानंतरची टेकडीची वाट: एक पावसाळा उलटल्यावरचा अनुभव (आणि तिरक्या खुंटांबद्दल जरा जास्तच)

सायकलच्या मागच्या डिरेलरचा (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, तुटला म्हणून हे आत्ताच लिहितोय, नाहीतर दिवाळीनंतर सावकाश लिहिणार होतो. ठाण्याजवळच्या पारसिक टेकडीच्या बाजूला सायकल चालवणाऱ्यांना वाट कोणती ते लगेच कळेल. नाव देत नाही. जमीन खासगी आहे आणि मालकाने अजून फाटक बसवलेलं नाही, त्याला आठवण कशाला करून द्या. लांबी, चढ, मधला बसाल्टचा टप्पा, शेवटची तीन वळणं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

गेल्या हिवाळ्यात तिथली सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ विरळ केली. सरसकट तोड झालेली नाही. अंदाजे तीनातलं एक झाड गेलं, ऐन, साग आणि आंब्याला हात लावलेला नाही. शहरी हद्दीत अशा तोडीला १९७५ च्या झाडं जतन करण्याच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा ‘कुणी चोरून कापली’ म्हणून ओरडू नका. ठाण्याच्या येऊरशीही गल्लत नको. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथले नियम वेगळे.

आता खुंट. बाकी सगळं नंतर.

झाडं जमिनीपासून वीतभर उंचीवर कापली आहेत. लाकूड नेणाऱ्याला वीतभराने काही फरक पडत नाही. सायकलवाल्याला पडतो, आणि किती ते मोजता येतं. हार्डटेलचा (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरतो तो मधला भाग, जमिनीपासून साधारण ३१० ते ३२० मिमीवर असतो. त्यातून १७० मिमीचा क्रँक (पेडलचा दांडा) वजा करा, पेडलची निम्मी जाडी म्हणून आणखी १० मिमी वजा करा. राहिले १३० ते १४० मिमी. तुम्ही बसलात की फोर्क आणि टायर दबतात, म्हणजे हातात बारा सेंमी. वळणात सायकल झुकली की आतल्या पेडलचे आणखी चार-पाच सेंमी जातात. फुल सस्पेन्शनवाल्यांनी खूश होऊ नये: तुमचा बॉटम ब्रॅकेट वर असतो, पण सॅगमध्ये (तुमच्या वजनाने सस्पेन्शन दबतं तेव्हा) तेवढाच खाली येतो. थोडक्यात, वीतभर खुंट पेडलला हमखास लागतो आणि दिसायला मात्र पुरेसा उंच नसतो. गुडघ्याएवढा ठेवला असता तर लांबून दिसला असता. जमिनीलगत कापला असता तर चाक वरून गेलं असतं. या दोन्हींच्या मधली जी एकमेव वाईट उंची आहे, नेमकी तीच निवडली आहे.

उताराला आडव्या जाणाऱ्या वाटेवर डोंगराकडच्या बाजूचे खुंट जास्त घातक. तिकडची जमीनच वर असते, त्यामुळे दहा सेंमीचा खुंटही पेडलच्या वाटेत येतो. त्या टप्प्यात डोंगराकडचं पेडल वर ठेवा आणि पेडल न मारता सरका. दरीकडच्या खुंटांची काळजी नको, ते पेडलच्या खालीच राहतात.

ठेकेदार खाली का कापत नाही, हे समजून घेतलं तर पुढच्या तोडीच्या वेळी भांडायला सोपं जाईल. बुंध्याच्या तळाशी सालीत मुरूम आणि खडे अडकलेले असतात. चेनसॉची साखळी त्याला लागली की धार लगेच बसते, मग कानस घेऊन बसा. शिवाय लाकूड वजनावर जातं, आणि त्या वीतभरात सुबाभळीचं वजन ते किती? उपाय आहे: आधी गुडघ्याच्या उंचीवर कापून झाड पाडायचं, मग तळाची साल कोयत्याने सोलून माती झाडायची आणि जमिनीलगत दुसरा काप घ्यायचा. खुंटामागे पाचेक मिनिटं. सगळ्या टेकडीवर कुणी करणार नाही, पण वाटेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर पट्ट्यात एवढं तोडीआधी ठरवून घेता येतं. नंतर ठेकेदार फोन उचलत नाही.

तोडीआधीच सांगायची दुसरी गोष्ट वळणांची. वळणाच्या आतल्या बाजूचं झाड हे त्या वळणाचा खांब असतो. ते उभं असलं की सगळे त्याला वळसा घालतात. ते गेलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सरळ कापत जातो, मागचे त्याच्या चाकोरीवर. शेवटच्या तीन वळणांपैकी वरच्या दोन ठिकाणी असंच झालं आहे. हातभर रुंदीची वाट आता रिक्षा जाईल एवढी झाली आहे. शिवाय झाडं कमी झाल्यामुळे पुढचं लांबपर्यंत दिसतं, म्हणून वेग वाढतो, ब्रेक उशिरा लागतो आणि वळणाच्या तोंडाशी ब्रेकचे उंचवटे उठतात. तोडीसाठी झाडांवर खुणा पडतात तेव्हाच ही आतली झाडं वेगळ्या रंगाने राखून ठेवायला सांगावीत. आता गेलीच आहेत, तर उपाय एकच: दोघांना उचलून ठेवावा लागेल असा दगड, त्याचा एक तृतीयांश भाग जमिनीत गाडून, वळणाच्या आतल्या कडेला. नुसता वर ठेवलेला दगड कुणीही लाथेने सरकवतो.

पाण्याचं काय झालं, ते मात्र मार्च-एप्रिलमध्ये सांगता आलं नसतं. तेव्हा मी या वाटेला पाचपैकी दोन दिले असते. सावली गेली, मुरूम सुकून भुसभुशीत झाला, आणि खाली टणक, वर सुटे खडे अशा पृष्ठभागावर पुढचं चाक वळणात निसटायला लागलं. त्यात अर्धवट सावलीचा त्रास. दाट सावलीत डोळे सरावतात, उघड्या उन्हातही सरावतात. पण दर दोन मीटरला ऊन आणि सावली बदलली की खड्डा आणि सावलीचा डाग यांतला फरक कळत नाही. गडद काचेचा चष्मा इथे उलट नुकसान करतो. साधी पारदर्शक काच बरी.

पावसाळ्यात मत बदललं. निदान अर्धं तरी.

बसाल्टच्या टप्प्यावर दर वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हिरवं शेवाळ असायचं, तिथे उतरून सायकल हातात घेऊन जायचं हे ठरलेलं. या वर्षी ऊन आणि वारा पोचल्यामुळे दोन दिवस उघडीप मिळाली की दगड कोरडा पडत होता. वरचा अर्धा भाग आधी पाऊस थांबल्यावरही आठवडाभर चिकट राहायचा, तो आता लवकर चालवण्याजोगा होतो. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फांद्या वाऱ्याने पटकन मोडतात. जोराच्या वाऱ्यानंतर वाटेवर आडव्या पडलेल्या फांद्या या वेळी बऱ्याच कमी होत्या. हे सगळं तोडीच्या खात्यात जमा.

आता तोडीच्या नावे टाकायच्या त्या ओंडके ओढल्याच्या पन्हळी. तोडलेलं लाकूड उताराला सरळ खाली ओढत नेलं, त्यामुळे वाटेला आडव्या अशा चार-पाच खोबणी पडल्या. उन्हाळ्यात त्या किरकोळ वाटतात. जूनमध्ये डोंगरावरचं पाणी त्यांतून खाली येतं, वाटेपाशी पोचलं की वाटेचाच रस्ता धरतं आणि पुढचा वीस-तीस मीटरचा मुरूम घेऊन जातं. एका ठिकाणी मध्यभागी घोट्याएवढी घळ पडली आहे. आपल्या भागात चार महिन्यांत दोन हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो, तिथे हे व्हायचंच होतं. दुरुस्ती अशी:

पन्हळ वाटेला जिथे मिळते तिथे वाट तीन-चार मीटर लांबीत हळूहळू खाली उतरवायची, मग वीतभर वर चढवायची. म्हणजे पाणी त्या खोलगट भागात येऊन दरीकडे सांडतं, वाटेने पुढे जात नाही. खोलगटाच्या दरीकडच्या ओठावर सपाट दगड रचायचे, नाहीतर ओठच वाहून जातो. चढाव मुरूम आणि दगड कुटून करायचा, नुसती माती घातली तर पहिल्या सरीत सपाट. टिकाव, फावडं, घमेली आणि तीन माणसं असली तर एका सकाळी एक जागा होते. वरच्या पन्हळीत तोडीच्या फांद्या उताराला आडव्या, एकावर एक दाबून ठेवायच्या, दर चार-पाच मीटरला एक ढीग. पाण्याचा वेग तिथे मोडतो आणि गाळ अडतो. समतल चर खणणाऱ्यांना हे तत्त्व नवीन नाही. याच फांद्या उताराच्या दिशेने उभ्या टाकल्या तर पाणी त्यांच्या कडेने घसरतं आणि पन्हळ आणखी खोल होते. ठेकेदाराने तशाच टाकल्या होत्या.

या वर्षी कडा ढासळलेल्या नाहीत, म्हणून निश्चिंत होऊ नका. मेलेल्या झाडाची मुळं लगेच कुजत नाहीत, पहिल्या पावसाळ्यात ती माती धरून ठेवतात. बारीक मुळं आधी जातात, मग जाड. दरीकडच्या कडेवर जिथे झाड साफ मेलं आहे आणि फुटवा नाही, तिथे पुढचे दोन-तीन पावसाळे कठीण. वरून दिसणाऱ्या मेलेल्या मुळांची सालही आता सुटायला लागली आहे, आणि साल सुटलेलं ओलं मूळ म्हणजे वाटेवर पडलेला साबण. त्यावर तिरकं चाक नको, सरळ ९० अंशात आणि ब्रेक सोडून.

आता गवत, म्हणजे पुन्हा खुंटच. ऊन जमिनीवर आलं, त्यामुळे आधी टाकळा उगवला, मग गवत कमरेपर्यंत. सप्टेंबरपासून एकही खुंट दिसत नाही. उन्हाळ्यात मी सगळ्या खुंटांवर चुन्याची फकी मारायला सांगत होतो, ते चुकीचं नाही पण निरुपयोगी आहे. गवतात पांढरा खुंटही दिसत नाही, आणि चुना पावसात राहत नाही. गवतातून वर येईल अशी बांबूची कामटी खुंटाशेजारी ठोकून टोकाला लाल चिंधी बांधा. फुकटात होतं. ऑक्टोबरनंतर कुसळं मोज्यात आणि हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) सीलपाशी अडकतात, घरी आल्यावर ब्रशने काढा, पाण्याचा जोरदार फवारा हबवर मारू नका. फेब्रुवारीनंतर हेच वाळलेलं गवत वणव्याला आमंत्रण आहे, त्यामुळे वाटेच्या कडेचा मीटरभर पट्टा डिसेंबरातच कापून टाकलेला बरा.

हँगर कशाने तुटला, ते राहिलंच. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब, वाळलेली फांदी. पुढचं चाक फांदीच्या एका टोकावर चढतं, दुसरं टोक उसळून मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये शिरतं, चाक तिला फिरवत डिरेलरवर आणून आपटतं. बारा गिअरच्या लांब केजचा (साखळी ताणून धरणारा सांगाडा) डिरेलर जमिनीच्या इतका जवळ लोंबतो की त्याला चुकवायला जागाच नसते. हँगर तुटला हे खरं तर नशीब, तो त्यासाठीच मऊ धातूचा असतो. तो तुटला नाही तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि बिलात एक शून्य वाढतं. फांदी अडकल्याचा कडकड आवाज आला की त्या क्षणी पेडल थांबवा. आणखी अर्धा फेरा मारला की खेळ संपला.

दुकानदार ‘युनिव्हर्सल आहे, बसेल’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका. खरा युनिव्हर्सल हँगर फक्त त्यासाठीच बनवलेल्या नव्या फ्रेमना बसतो. जुन्या फ्रेमचे आकार डझनांनी आहेत. जुन्या हँगरचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, स्क्रूच्या भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजा आणि मगच मागवा. एकाऐवजी दोन मागवा, कुरिअरचा खर्च एकच पडतो. बसवल्यावर अलाइनमेंट गेजने रिमच्या कडेपाशी चारही बाजूंना मोजा, फरक ४ मिमीच्या आत हवा. वाकलेला हँगर एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा करू नका. टेकडीवर तुटला तर डिरेलर काढून, साखळी आखूड करून मधल्या एका गिअरवर चढवा. चेन टूल आणि क्विक लिंक (साखळी जोडायची सुटी कडी) पिशवीत नसेल तर ढकलत खाली.

टायरबद्दल थोडक्यात. पातळ साइडवॉलचा (टायरच्या बाजूची भिंत) ८०० ग्रॅमवाला टायर या वाटेवर आता परवडत नाही. टायर चार-पाच हजारांचा, खुंट फुकटचा. जाड केसिंगच्या टायरला दोन-अडीचशे ग्रॅम जास्त लागतात, घ्या. सीलंट (टायरमधलं भोक आतून बुजवणारा द्रव) प्रत्येकी १०० मिली, आणि आपल्या उकाड्यात दर दोन महिन्यांनी तपासायचं. साइडवॉलवरचा तिरका काप सीलंटने भरत नाही, प्लगही (भोकात ठोसायची रबराची पट्टी) धरत नाही. आतून टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा लावा, वर ट्यूब टाका, घर गाठा.

सध्या पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क मी फुटव्यांसाठी राखून ठेवला आहे. सुबाभूळ कापली की मरत नाही, खुंटाच्या कडेने सात-आठ फुटवे काढते आणि एका पावसाळ्यात ते डोक्याएवढे उंच होतात. ते वाटेवर झुकले की कुणीतरी उपकार म्हणून कोयता घेऊन जातो आणि वरून खाली सपासप मारतो. कोयत्याचा घाव तिरकाच बसतो. मागे राहतात अंगठ्याएवढ्या जाडीचे, टोकदार, वाळून टणक झालेले भाले, एका खुंटावर सात-आठ. वीतभर सपाट खुंट पेडल फोडतो, हे भाले साइडवॉल आणि पडलात तर मांडीही. म्हणून फुटव्यांना कोयता लावूच नका. जमीन ओली असते तोवर, म्हणजे ऑक्टोबर उजाडायच्या आत, फुटवा बुडाशी धरून खाली खेचला की सालीसकट निघतो. जाड झाला असेल तर लहान करवतीने खुंटाला लागून सपाट कापा. खुंटच संपवायचा असेल तर भोवतीची माती टिकावाने काढून जमिनीच्या पातळीखाली कापा आणि माती परत ओढून घ्या. तेवढी मेहनत नको असेल तर पाड्यावरच्या शेळ्यांना तिकडे वळवायला सांगा. सुबाभळीचा कोवळा पाला त्या सोडत नाहीत, आणि मजुरीही मागत नाहीत.