निर्यात सल्ला सेवा: फी सणसणीत, काम चोख

रत्नागिरीत मारुती मंदिराकडे बसणाऱ्या एका सल्लागार बाईंची सेवा आम्ही ब्रेक्झिटच्या वेळी घेतली. आमचा कारखाना पावसजवळ. हापूसच्या आमरसाचे ८५० ग्रॅमचे डबे.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं, पण जुनेच नियम चालू होते, खरी मुदत होती ३१ डिसेंबर. इकडे बरेच जण ‘गोऱ्यांच्या भानगडीशी आपल्याला काय’ म्हणून मोकळे. (२०१४ ला युरोपने हापूस बंद केला तेव्हा ब्रिटनचंही दार लागलं होतं, ते विसरले सगळे.)

बाईंचा पहिलाच प्रश्न, “लंडनचा माल पुढे खंय जाता?” निम्मा जर्मनीला जायचा. तोवर लंडनला एकदा कस्टम झालं की युरोपभर रान मोकळं. त्यांनी कागदावर रेघा मारून दाखवलं: आता पुढे जाताना दुसऱ्यांदा कस्टम, आणि ब्रिटन-युरोप करार झाला तरी त्यातली शुल्कमाफी आपल्याला नाही. डबा मूळचा भारतातला, लंडनला उतरवून तो ब्रिटिश होत नाही. म्हणून जर्मनीचा माल थेट नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला लावला. लंडनच्या गिऱ्हाइकाकडे ‘जीबी’ने सुरू होणारा ईओआरआय नंबर (कस्टमला लागणारा नोंदणी क्रमांक) आहे ना, तेही आधीच बघून घेतलं.

तक्रार दोनच. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. आणि फीचा आकडा शेवटपर्यंत स्पष्ट सांगत नाहीत, आधी लिहून घ्या.

ज्याचा माल एकाच देशात जातो त्याने यांच्याकडे जाऊ नये, पैसे फुकट. बाकीच्यांनी जरूर.