रोवणी की आवत्या?

नागभीडहून भाच्याचा फोन: "मामाजी, रोवण्याले बाया भेटत नाहीत. आवत्या टाकू का?"

रोवणी म्हणजे धानाची रोपं उपटून चिखलात लावणं, आवत्या म्हणजे बी थेट शेतात फेकणं. बियाणं रोवणीला एकरी 15-20 किलो पुरतं, आवत्याला जवळपास दुप्पट. मजुरीत मात्र रोवणी खिसा रिकामा करते. पऱ्हे (रोपं) उपटा, जुड्या बांधा, चिखलणी करा, मग दिवसभर वाका. आवत्या एका सकाळी फेकून मोकळं. धानही आठवडाभर आधी हाती. पण पुढे निंदण! सावा धानासारखाच दिसतो, लोंबी आल्यावरच चोर सापडतो. रोवलेल्या बांधीत (धानाच्या शेतात) साचलेलं पाणीच बरंचसं तण दाबतं.

लहानपणी आईकडे जुड्या फेकताना यायचा तो चिखलाचा वास आवत्यात नाही, पण तो हिशेबात धरू नकोस.

मामा तलावाचं (माजी मालगुजारी तलावाचं) पाणी हमखास मिळत असेल तर रोवणीच. पावसाच्या भरवशावरच्या बांधीत आवत्या, तेही घरात निंदायला माणसं असतील तर.