वाए रेबो की तोराजा?

इंडोनेशियाच्या डोंगराळ भागातले गावजीवन जवळून पाहायचे असेल, तर फ्लोरेस बेटावरील वाए रेबो आणि सुलावेसीतील तोराजा प्रदेश हे दोन पर्याय विचारात घ्यावे लागतात.

प्रवासाच्या दृष्टीने तोराजा सोपे आहे. सुलावेसीतल्या मकास्सर शहरातून रात्रीची बस पकडली की सकाळी तोराजातले मुख्य शहर रांतेपाओ गाठता येते. वाए रेबोला मात्र देंगे गावाच्या पुढे जंगलातून चढणीची पायवाट असून, गावकऱ्यांना तांदळाची पोतीही याच वाटेने खांद्यावरून वर न्यावी लागतात. शिवाय मुलांच्या शाळेसाठी अनेक कुटुंबांचे एक बिऱ्हाड खालच्या कोंबो गावात असते, हे पाहुण्याने विसरू नये.

वाए रेबोत शंकूच्या आकाराची सातच घरे आहेत आणि एकेका घरात अनेक कुटुंबे नांदतात. इथल्या मांगराई समाजाच्या प्रथेत सामाईक शेतजमिनीचे मध्यबिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे वाटे पडतात.

तोराजातील मालमत्तेचा व्यवहार याहून गुंतागुंतीचा आणि माझ्या मते अधिक अभ्यासण्याजोगा आहे. तिथले होडीसारख्या छपराचे तोंगकोनान घर आई आणि वडील या दोन्हींकडील वंशजांचे समाईक असते. आईवडिलांच्या अंत्यविधीत कोणी किती रेडे बळी दिले, यावर परंपरेने भावंडांचा वारसाहिस्सा ठरत आला आहे. घराच्या दर्शनी खांबावर एकाखाली एक लावलेली शिंगे याच खर्चाची साक्ष देतात.

मुक्कामाला जायचे असेल तर मी वाए रेबोच सुचवेन, कारण तिथे पाहुणा गावातल्याच गोल घरात, चटईवर झोपतो.